कानाचे यंत्र डबीत का राहते?

माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांची हकीकत आज सांगणार आहे. त्यांच्या परवानगीने सांगतो आहे. नाव मात्र देत नाही. आपण त्यांना गुरुजी म्हणू. वय ७२, मधुमेह बारा वर्षांचा, गोळ्यांवर ठीक चाललेला. एकदा तपासणीत साखर जरा खाली आढळली, म्हणून मी म्हणालो, "गुरुजी, ही गोळी आता सकाळी अर्धी घ्या." गुरुजींनी मान हलवली, "हो हो, समजलं" म्हणाले आणि गेले.

चौथ्या रात्री दोनच्या सुमारास त्यांचा मुलगा त्यांना रिक्षातून घेऊन दारात हजर झाला. अंग घामाने भिजलेले, हातपाय थरथरत होते, बोलणे असंबद्ध. रक्तातली साखर पाहिली तर ४६. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत ते भानावर आले. या गोळीचा परिणाम बराच काळ टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते, म्हणून एक दिवस दाखल ठेवून घेतले. सकाळी चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. पूर्वी ती गोळी गुरुजी सकाळी एकदाच घेत. आता ते सकाळी एक आणि रात्री एक अशा दोन घेत होते. मी म्हणालो होतो "सकाळी अर्धी". त्यांनी ऐकले "सकाळी, रात्री".

चूक कोणाची? पहिली माझीच. बदललेला डोस मी कागदावर लिहून दिला नाही, आणि "काय सांगितलं ते एकदा म्हणून दाखवा" असे विचारलेही नाही. पण दुसरी गोष्ट अशी, की गुरुजींना नीट ऐकू येत नाही हे घरात सर्वांना तीन-चार वर्षांपासून माहीत होते. गुरुजींनाही माहीत होते. त्याविषयी कोणी काही केले नव्हते, इतकेच.

पुढे मुलाने हौसेने, चांगले महागाचे यंत्र आणून दिले. दहा दिवसांनी ते यंत्र कपाटातल्या डबीत गेले आणि तिथेच राहिले. आजचा लेख बहिरेपणावर नसून या डबीवर आहे. आपल्या ओळखीच्या दहा घरांत चौकशी करा. निदान एका तरी घरात अशी डबी सापडेल.

ऐकू येते, पण कळत नाही

आधी थोडी माहिती. आपल्या आंतरकर्णात शंखाच्या आकाराची एक नळी असते. तिच्यात सूक्ष्म केसांसारखे टोक असलेल्या सुमारे पंधरा-सोळा हजार पेशी असतात. ध्वनीच्या लहरींनी त्या हलतात आणि मेंदूकडे संदेश पाठवतात. वयाने, वर्षानुवर्षे यंत्रांच्या वा फटाक्यांच्या आवाजाने, काही औषधांनी या पेशी मरतात. माणसाच्या शरीरात त्या पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून या प्रकारच्या बहिरेपणावर गोळी नाही, टॉनिक नाही आणि कानात घालण्याचे तेलही नाही.

वयोमानाच्या बहिरेपणात आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ई, ऊ, हे खालच्या पट्टीत आणि जोरकस असतात. ते ऐकू येत राहतात. पण स, श, क, ख, ट, त, फ ही व्यंजने उंच पट्टीत आणि नाजूक असतात. ती गळून पडतात. मग 'पाट', 'ताट' आणि 'खाट' सारखेच ऐकू येतात. 'साठ' आणि 'आठ' यांत फरक राहत नाही. म्हणून असा माणूस म्हणतो, "मला ऐकू येतं हो, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता." तो खोटे बोलत नाही. त्याला आवाज येतो, शब्द येत नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे बोलणे त्याला अधिक अवघड जाते. घरची मंडळी म्हणतात, "यांना नको ते बरोबर ऐकू येतं!" गुरुजींच्या पत्नीही अगदी हेच म्हणाल्या होत्या. त्यात गुरुजींचा दोष नव्हता. मुलगा समोर बसून जाड आवाजात बोले, त्या स्वयंपाकघरातून पाठमोऱ्या बोलत, एवढाच फरक होता.

या बहिरेपणाची आणखी एक खोड आहे. हळू आवाज ऐकू येत नाही, पण मोठा आवाज मात्र नेहमीपेक्षा जास्त टोचतो. त्यामुळे आजोबा आधी म्हणतात "मोठ्यानं बोल", आणि मोठ्याने बोलले की म्हणतात "ओरडतोस कशाला?" यावरून घरोघर भांडणे होतात.

चष्म्याची लाज नाही, मग याची का?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली श्रवणावरचा जागतिक अहवाल काढला. त्यानुसार जगात ४३ कोटींहून अधिक लोकांना ऐकण्यासाठी उपचाराची वा साधनाची गरज आहे. ज्यांना यंत्राचा उपयोग होईल त्यांच्यापैकी प्रत्यक्षात ते वापरणारे सुमारे १७ टक्केच आहेत. पैसा आणि सोय नसणे ही मोठी कारणे आहेतच. पण पैसा आणि सोय असलेल्या अमेरिकेतही २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत असे दिसले, की यंत्राची गरज निर्माण झाल्यापासून ते घेईपर्यंत लोक सरासरी जवळजवळ नऊ वर्षे काढतात. म्हणजे अडचण केवळ खिशाची नाही, मनाचीही आहे.

चाळिशी आली की माणूस निमूटपणे चष्मा करून घेतो. चष्म्यामुळे तो शिकलेला दिसतो असेही लोक समजतात. कानाच्या यंत्राचे तसे नाही. आंधळ्याला आपण हात धरून रस्ता ओलांडून देतो आणि बहिऱ्याची थट्टा करतो. आपल्या नाटकांत, वगांत, विनोदी चुटक्यांत बहिरा माणूस हसण्यासाठीच येतो. लहानपणापासून हे पाहिलेला माणूस साठीनंतर स्वतः कानाला यंत्र लावायला का कू करतो, यात नवल नाही. त्याला वाटते, यंत्र लावले म्हणजे आपण म्हातारे झालो अशी पाटी लावली. खरे पाहता, प्रत्येक वाक्याला "आँ? काय म्हणालात?" म्हणणे आणि विचारले एक तर उत्तर भलतेच देणे, हे कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त नजरेत भरते.

तरुण स्त्रियांची गोष्ट आणखी वेगळी. लहानपणी कान फुटल्यामुळे ऐकू कमी आलेल्या एक बाई माझ्याकडे येत. त्या यंत्र लावत, पण फक्त घराबाहेर, आणि सासरच्या माणसांसमोर काढून ठेवत. कारण लग्नाच्या वेळी माहेरच्यांनी ही गोष्ट सांगितली नव्हती. सहा वर्षे त्या घरात त्या 'घुमी सून' म्हणून वावरल्या. त्यांना यंत्राची माहिती देण्याची गरज नव्हती. नवऱ्याला समोर बसवून ही गोष्ट सांगण्यासाठी त्यांना कोणाची तरी सोबत हवी होती. ती सोबत मी केली. नवरा म्हणाला, "एवढंच होतं होय? मला वाटलं, हिला मी आवडत नाही."

यंत्र कोणाला हवे आहे?

आता गुरुजींच्या डबीकडे वळू. यंत्र मुलाला हवे होते, सुनेला हवे होते, मला हवे होते. गुरुजींना हवे आहे का, हे कोणी विचारलेच नव्हते. साखर उतरण्याच्या प्रसंगाने सर्व घाबरले, आणि त्या भरात खरेदी झाली. शिवाय मुलाने वडिलांना लाज वाटू नये म्हणून कानाच्या आत बसणारे, बाहेरून जवळजवळ न दिसणारे, लहानात लहान यंत्र घेतले. त्याचा हेतू चांगला होता. पण गुरुजींची बोटे संधिवाताने आखडलेली. तुरीच्या डाळीएवढा तो सेल त्यांना चिमटीत धरता येईना. सून घरी नसली की यंत्र बंद. कानात नीट बसले नाही की शिट्टी वाजे. हे सगळे ते कोणाला बोलले नाहीत. मुलाने एवढे पैसे घातले, नावे कशी ठेवायची?

माणसाच्या सवयी कशा बदलतात याचा अभ्यास मानसशास्त्रात झालेला आहे. १९८३ साली प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी या दोन अमेरिकी अभ्यासकांनी सिगारेट सोडणाऱ्या लोकांचा अभ्यास करून दाखवले, की बदल एका उडीत होत नाही, पायऱ्यांनी होतो. पहिल्या पायरीवरचा माणूस म्हणतो, मला काही त्रासच नाही. दुसरीवरचा म्हणतो, त्रास आहे, पण बघू. तिसरीवर तो चौकशी करू लागतो. मग कृती करतो, आणि शेवटी ती टिकवतो. आपली चूक होते ती ही, की पहिल्या पायरीवरच्या माणसाच्या कानात आपण चौथ्या पायरीवरचे यंत्र घालतो. ते पडणारच.

डेन्मार्कमध्ये २००७ साली स्थापन झालेल्या इडा इन्स्टिट्यूट या संस्थेने यासाठी एक अगदी साधी रीत प्रचारात आणली. कागदावर एक रेघ मारायची; एका टोकाला शून्य, दुसऱ्याला दहा. मग दोन प्रश्न विचारायचे. पहिला: ऐकणे सुधारणे तुम्हाला आत्ता किती महत्त्वाचे वाटते? दुसरा: यंत्र वापरणे तुम्हाला जमेल असे किती वाटते? रुग्णाने रेघेवर खूण करायची. मी ही रीत गुरुजींवर केली. मुलाला बाहेर बसवले, समोरासमोर बसलो, खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर येईल असे पाहिले आणि प्रश्न मोठ्या अक्षरांत लिहून पुढे ठेवले.

पहिल्या प्रश्नाला त्यांनी तीनवर खूण केली. येथे डॉक्टरचा मोह असतो तो "तीनच का?" असे विचारून व्याख्यान देण्याचा. मी उलट विचारले, "तीन का? शून्य का नाही?" गुरुजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "डॉक्टरसाहेब, नोव्हेंबरात बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातो. मागच्या वर्षी काउंटरवरची मुलगी काय विचारते ते मला कळेना. रांगेतले लोक हसले. ती मुलाकडे वळून म्हणाली, 'यांना काही कळतं का?' चाळीस वर्षं गणित शिकवलं मी. आता माझ्या जिवंतपणाचा दाखला मुलाच्या तोंडून द्यायचा!"

त्यांना काय हवे होते ते मला त्या दिवशी प्रथम कळले. टीव्ही नको होता, सुनेच्या हाका नको होत्या. त्यांना बँकेत एकटे जायचे होते.

दुसऱ्या प्रश्नाला त्यांनी एकवर खूण केली आणि दोन्ही हातांची बोटे माझ्यापुढे धरली. पुढे आणखी काही विचारावे लागले नाही.

आपले पाच प्रसंग लिहा

ऑस्ट्रेलियात १९९७ साली हार्वे डिलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राचा उपयोग मोजण्याची एक पद्धत मांडली. 'सर्व काही ऐकू यावे' असे न म्हणता, जिथे ऐकणे सुधारायला हवे असे नेमके प्रसंग रुग्णाने सांगायचे. जास्तीत जास्त पाच. काही आठवड्यांनी त्या त्या प्रसंगी किती फरक पडला ते पाहायचे. ही यादी घरीही करता येते. गुरुजींनी लिहिले: बँकेचा काउंटर, डॉक्टरांचे बोलणे, नातीचा फोन, वाचनालयाची सभा, भजन. मी त्यांना प्रामाणिकपणे सांगितले, की पहिल्या दोनांत चांगला फरक पडेल, फोन सरावाने जमेल, घुमणाऱ्या हॉलमधली सभा मात्र अवघडच जाईल. अपेक्षा वाजवी असली तर निराशा होत नाही. यंत्र म्हणजे नवा कान नव्हे. ते आवाज वाढवून देते; जिवंत राहिलेल्या पेशींनाच त्यावर काम करायचे असते.

नंतर ते स्वतः ऑडिऑलॉजिस्टकडे गेले. पहिल्या यंत्राचे पैसे परत मिळाले नाहीत, ते बुडाले. या वेळी त्यांनी आपल्या पेन्शनमधून, कानामागे बसणारे, मोठ्या सेलचे, मध्यम किमतीचे यंत्र घेतले. दिसते, चांगले दिसते. पण ते त्यांचे त्यांना लावता येते.

पहिले सहा आठवडे

यंत्र लावल्या दिवशी बहुतेकांना पश्चात्ताप होतो, हे आधीच सांगितलेले बरे. पंख्याची घरघर, भांड्यांचा खणखणाट, फोडणीचा चर्र आवाज, वर्तमानपत्राची सळसळ हे सर्व एकदम अंगावर येते. स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. याचा अर्थ यंत्र वाईट आहे असा नाही. वर्षानुवर्षे मेंदूपर्यंत हे आवाज पोचलेच नव्हते. कोणता आवाज कामाचा आणि कोणता सोडून द्यायचा ही निवड मेंदू विसरलेला असतो. ती पुन्हा शिकायला त्याला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. नव्या कवळीला जसे तोंड सरावते, तसेच हे.

मी सांगतो तो क्रम असा. पहिल्या आठवड्यात घरातच, शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना दिवसातून दोन-तीन वेळा तासभर यंत्र लावावे. रोज दहा मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. त्यामुळे स्वतःच्या आवाजाची सवय होते. दुसऱ्या आठवड्यात घरकामाचे आवाज चालू असताना लावावे, आणि प्रत्येक नवा आवाज कशाचा आहे ते विचारून घ्यावे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन-तीन माणसांत बसावे, टीव्हीच्या बातम्या ऐकाव्यात. त्यानंतर दुकान, देऊळ, एस.टी. स्टँड. लग्नाचा हॉल आणि आठवडी बाजार सर्वांत शेवटी. सहा आठवड्यांच्या शेवटी सकाळी तोंड धुतल्यावर लावलेले यंत्र रात्री झोपतानाच निघावे, हे उद्दिष्ट ठेवावे. काही श्रवणतज्ज्ञ पहिल्या दिवसापासूनच दिवसभर लावायला सांगतात. तसे सांगितले असेल तर तसेच करावे. मुद्दा एकच: रोज लावावे. फक्त पाहुणे आले की लावायचे, ही रीत सर्वांत वाईट. सराव नसलेला कान गर्दीतच वापरला, तर वैतागच पदरी येणार.

या काळात ऑडिऑलॉजिस्टकडे तीन-चार वेळा जाऊन यंत्र जुळवून घ्यावे लागते. आजची यंत्रे डिजिटल आहेत. १९९६ पासून अशी यंत्रे बाजारात आली, आणि आता ती संगणकाला जोडून कोणती पट्टी किती वाढवायची ते ठरवता येते. "भांड्यांचा आवाज टोचतो", "बायकोचं कळतं पण नातीचं कळत नाही" असे नेमके सांगितले तर नेमकी दुरुस्ती होते. नुसते "बरोबर नाही" म्हणून उपयोग नाही. म्हणून वही ठेवा. पुष्कळशा यंत्रांत रोज किती तास वापर झाला याची नोंदही आपोआप होते. तेव्हा "दिवसभर लावतो" असे खोटे सांगू नये!

शिट्टी वाजत असेल तर तीन गोष्टी पाहाव्यात. यंत्राचे टोक किंवा साचा कानात नीट बसला आहे का? कानात मळ साठला आहे का? आवाज गरजेपेक्षा वाढवला आहे का? बहुतेक शिट्ट्या यातच थांबतात.

निगा

यंत्राचा मोठा शत्रू ओल. आंघोळीआधी काढावे, पावसात झाकावे, रात्री सेलचे झाकण उघडे ठेवून ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांच्या डबीत ठेवावे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, याला पर्याय नाही. आपल्याकडे सर्रास वापरतात ते बटण-सेल हवेवर चालतात. त्यांचा चिकटवलेला कागद काढला की ते खर्च होऊ लागतात. म्हणून गरज पडल्यावरच कागद काढावा, आणि काढल्यावर मिनिटभर थांबून मग बसवावा. सेल लहान मुलांपासून फार जपावेत. मुलाने गिळला तर घरगुती उपाय न करता तडक रुग्णालय गाठावे. साचा रोज कोरड्या कापडाने पुसावा. स्पिरिट लावू नये.

घरच्या मंडळींसाठी

निम्मे काम यंत्राचे आणि निम्मे तुमचे. ओरडू नका. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने नव्हेत. शिवाय चेहरा रागावलेला दिसतो. जवळ या. मोकळ्या जागी अंतर निम्मे केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, तोही फुकट. आधी नाव घ्या, लक्ष वेधा, मग बोला. तोंडावर उजेड असू द्या, कारण ऐकू कमी येणारा माणूस नकळत ओठ वाचत असतो. टीव्ही चालू ठेवून महत्त्वाचे बोलू नका. वाक्य कळले नाही तर तेच चौथ्यांदा म्हणू नका, शब्द बदला. आणि "जाऊ दे, काही नाही" हे शब्द तर घरातून हद्दपार करा. बहिऱ्या माणसाला सर्वांत जास्त लागतात ते हेच शब्द, असे मला अनेकांनी सांगितले आहे.

ही केवळ सोयीची गोष्ट नाही. ऐकू न येणारा माणूस हळूहळू चारचौघांत जाणे सोडतो आणि एकटा पडतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे दिली, त्यांत कमी ऐकू येणे हे एक आहे. यंत्राने स्मृती वाचतेच, असे मात्र म्हणता येणार नाही. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तीन वर्षांनी एकूण गटात फरक दिसला नाही. पण त्यांतल्या जास्त धोका असलेल्या गटात बुद्धीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी आढळली. एवढे म्हणणे पुरे, की वाट पाहण्यात फायदा काही नाही.

आधी तपासणी, मग खरेदी

घरी एक साधी परीक्षा करता येते. माणसाच्या पाठीमागे दोन फुटांवर उभे राहा. त्याला एक कान बोटाने हळूहळू चोळत बंद ठेवायला सांगा. मग कुजबुजत्या आवाजात "पाच, क, तीन" असे काही म्हणा आणि त्याला ते म्हणून दाखवायला सांगा. दोनदा प्रयत्न करूनही निम्मेही सांगता आले नाही, तर ऑडिओमेट्री करून घ्यावी.

पण त्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे. मळ, कानाच्या पडद्याचे भोक, कान वाहणे, मधल्या कानातल्या हाडांचे आजार यांवर उपचार आहेत. तेथे थेट यंत्र घेणे चुकीचे. ऐकू येणे एक-दोन दिवसांत अचानक गेले, तर ती तातडीची बाब समजून त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा. उशीर झाला तर उपचाराचा उपयोग कमी होतो. एकाच कानात आवाज येत राहणे, चक्कर, कानातून रक्त वा पू, चेहरा वाकडा होणे यांतही थांबू नये.

जाहिरात पाहून टपालाने मागवलेली हजार-दीड हजाराची साधने ही पुष्कळदा नुसती आवाज वाढवणारी असतात. ती सर्वच पट्ट्या सारख्याच वाढवतात, आणि फार मोठा आवाज कानात सोडला गेला तर उरलेल्या पेशींनाही धोका. यंत्राची किंमत काही हजारांपासून लाखाच्या वर जाते. महाग ते आपल्यासाठी चांगलेच, असे नाही. आधी लावून पाहू द्याल का, नंतर किती वेळा जुळवून द्याल, दुरुस्ती कोठे होईल, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. ज्यांना परवडत नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयातील कान-नाक-घसा विभागात आणि समाजकल्याण कार्यालयात चौकशी करावी. दिव्यांगांना साधने देण्याची केंद्राची योजना, २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री योजना आणि राज्यात २०२४ साली आलेली मुख्यमंत्री वयोश्री योजना यांत श्रवणयंत्राचा समावेश आहे. वयाच्या, उत्पन्नाच्या व प्रमाणपत्राच्या अटी आधी समजून घ्याव्यात.

शेवटी गुरुजींविषयी

त्या नोव्हेंबरात गुरुजी बँकेत एकटे गेले. परत येताना माझ्याकडे डोकावले. काउंटरवरच्या मुलीने जन्मतारीख विचारली, ती त्यांना पहिल्यांदा कळली नाही. त्यांनी कानाकडे बोट दाखवून सांगितले, "मी यंत्र लावलंय, जरा माझ्याकडे बघून बोला." मुलीने बघून सांगितले. एवढेच झाले. वाचनालयाच्या सभेत त्यांना अजूनही निम्मेच कळते, आणि लग्नात बँड सुरू झाला की ते यंत्र काढून खिशात ठेवतात. भजनाला मात्र पहिल्या रांगेत बसतात.

मीही एक सवय लावून घेतली आहे. औषध बदलले की मोठ्या मराठी अक्षरांत लिहून देतो आणि रुग्णाकडून म्हणवून घेतो. ऐकू चांगले येणाऱ्यांकडूनही.

ज्या घरात यंत्र डबीत पडून आहे, त्यांनी या रविवारी ती डबी उघडावी. यंत्र लगेच कानात घालायची घाई करू नये. आजोबांच्या किंवा आजींच्या समोर बसावे, टीव्ही बंद करावा आणि विचारावे, "तुम्हाला कुठे ऐकू यायला हवंय?" जे उत्तर येईल ते लिहून घ्यावे आणि तो कागद घेऊन ऑडिऑलॉजिस्टकडे जावे.